गिऱ्हाइकांची मास्तरीण

अमरावतीच्या फळबाजारात सकाळचा हर्रास, म्हणजे लिलाव, आटोपून चहाचे ग्लास फिरायला लागले, की पाच फूटही न भरणारी एक बाई खांद्याला कापडी पिशवी अडकवून आत शिरायची आणि भलेभले पुरुष पांगायला लागायचे. कुणाला अचानक फोन यायचा, कुणी रिकामे क्रेट रचायला घ्यायचा, कुणाला लघवीला जायचं आठवायचं. पोलीस आले तरी ही मंडळी जागची हलत नसत. तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळा तिने स्वतः चौथीत सोडली होती आणि कुठल्या शाळेत ती शिकवतही नव्हती. ती या पुरुषांना निरोध वापरायला शिकवायची, आणि नेमकं तेच त्यांना झेपत नव्हतं.

मी तेव्हा सरकारी तपासणी केंद्रात समुपदेशक म्हणून नवीनच लागले होते. वडील वकील, आजोबा पूजापाठ करणारे. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारलेला मला आठवत नाही. धंदा करणाऱ्या बायांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेतर्फे मास्तरीण त्या बायांना घेऊन केंद्रात यायची. अठरा वर्षं ती स्वतः अकोल्याला त्याच धंद्यात होती. हे तिने कधी लपवलं नाही आणि कधी डोळ्यांना पदर लावूनही सांगितलं नाही. कुणी चाचपडत विचारायला लागलं की म्हणायची, "होती मी धंद्यात. आता नाई. पुढची गोठ बोला."

एकदा आमच्याकडे बाहेरगावचे एक साहेब प्रशिक्षणाला आले. समोर पंचवीस-तीस बाया बसवलेल्या, भिंतीवर तक्ते, आणि साहेबांचं दोन तास चाललेलं: निरोध म्हणजे काय, तो कसा वापरावा, का वापरावा. मास्तरीण शेवटच्या रांगेतून उठली. "सायेब, ह्या बायायले सारं मालूम हाय. तुमाले नाई येत इतकं यायले येते. ज्याले मालूम नाई तो तिकडं बाजारात चहा पिऊन राहिला. तुमी त्याले कावून नाई शिकवत?" साहेब हसले आणि म्हणाले की पुरुषांना एकत्र आणणं अवघड असतं. "मंग अवघड हाय म्हणून सोपं काम करून राहिले का?" असं म्हणून ती पिशवी उचलून निघून गेली. बाया खुदूखुदू हसल्या. साहेबांनी पुढचा तक्ता लावला.

त्या दिवसापासून तिने बाजार धरला. संस्थेने सांगितलेलं काम संपवून ती तिथे जायची. तिची रीत मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. आम्ही लाकडी नमुना हातात घेऊन स्वतः करून दाखवायचो. ती कधीच करून दाखवायची नाही. नमुना टेबलावर ठेवायची, पाकीट समोरच्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "मी कायले दाखवू? मले तं येते. तुमी दाखवा." धिप्पाड हमाल, दोन-दोन ट्रकांचे मालक, नातू झालेले आडते घामाघूम व्हायचे. निम्म्यांना पाकीट फाडता यायचं नाही. एकाने दातांनी फाडलं, तर तिने ते त्याच्या हातून काढून घेतलं आणि उजेडात धरून त्याला त्यातलं भोक दाखवलं.

निरोधाचं पाकीट खिशात आहे का, असं विचारल्यावर काही जण छाती काढून हो म्हणायचे. मग ती ते बघायला मागायची. पैशांच्या पाकिटात, लक्ष्मीच्या फोटोमागे वर्षभर दाबून ठेवलेलं, बसून बसून चपटं झालेलं, मागच्या उन्हाळ्यात तारीख उलटून गेलेलं ते पुडकं ती दोन बोटांत धरायची. "हे कोणासाठी ठेवलं? पूजेसाठी?" असं विचारून दुसरं द्यायची. सगळे हसायचे, तोही हसायचा. पण दुसऱ्या दिवशी दोघे-तिघे हळूच येऊन मागून न्यायचे, हेही मी पाहिलं आहे.

त्या पुरुषांचं ज्ञान ऐकून मला आधी हसू यायचं, नंतर संताप यायला लागला. कुणी म्हणायचा, दारू प्यालो की जंतू मरतात. कुणी म्हणायचा, डॉक्टरकडून एक सुई टोचून घेतली की वर्षभर बघायला नको. एका हमालाने तर गंभीर चेहऱ्याने सांगितलं की संत्र्याचं साल चोळलं की रोग जवळ येत नाही. मास्तरीण म्हणाली, "मंग तं ह्या बाजारात एकबी रोगी नसता, बावा." हे सगळे रोज फवारणीच्या औषधांवरची बारीक अक्षरं वाचणारे लोक. कुठल्या किडीला कुठलं औषध आणि किती दिवसांनी, हे त्यांना पाठ होतं. झाडाबद्दल माहिती हवी असली की ते दहा कोस जाऊन विचारून यायचे. या बाबतीत मात्र शेजारच्या टपरीवर ऐकलेलं त्यांना पुरत होतं, कारण झळ बसली तर ती दुसऱ्याच कुणाला बसेल याची त्यांना खात्री होती.

सुनंदा ही मास्तरणीच्या बायांपैकी एक. हुशार, नेटकी, कुणी कितीही जास्त पैसे देऊ केले तरी निरोधाशिवाय खोलीत न घेणारी. मास्तरीण तिचं उदाहरण द्यायची. त्या बायांची दर सहा महिन्यांनी तपासणी होते. त्या खेपेला सुनंदाची एचआयव्हीची तपासणी पॉझिटिव्ह आली. मी तिला समजावून सांगितलं, गोळ्या आहेत, नीट घेतल्या तर आयुष्य निघतं, सगळं सांगितलं. ती फरशीकडे बघत होती. संस्थेचे अधिकारी शेजारी बसले होते. ते म्हणाले, "तुला माहीत होतं ना? इतक्या वेळा शिकवलं. मग?"

ती म्हणाली, "बाकी कोणासंग नाई, सायेब. एकाच माणसासंग. दोन वर्सं झाले येऊन राहिले. सणाले साडी आणत. म्हणत, माह्यावर भरोसा नाई का? मी तुले पाह्यल्यावरच समजलो, तू साफ हायस."

मास्तरीण दाराशी उभी होती. ती इतक्या जोरात ओरडली की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. "इले कावून इचारता? तिथं दोघं होते ना? एक इथं मान खाली घालून बसली, दुसरा कुठी हाय? त्याले बोलवा ना. त्याले इचारा, तुले मालूम होतं का म्हणून!"

त्याला बोलावण्याची सोय आमच्याकडे नव्हती. सुनंदाच्या फॉर्मला दोन पानं होती. वय, गाव, शिक्षण, किती दिवसांपासून, रोज किती, नवरा होता का, तो कुठे गेला. त्याच्यासाठी एक ओळ होती, 'नियमित ग्राहक: होय / नाही.' मी 'होय'वर खूण केली. कोणाकडून कोणाला गेलं हे कुठलीही तपासणी सांगत नाही. पण त्या खोलीत ते न विचारताच ठरून गेलं होतं.

तो माणूस कोण हे मास्तरणीला माहीत होतं. वरूड-शेंदूरजनाघाटकडच्या बागा उक्त्या घेणारा व्यापारी. म्हणजे फळ झाडावर असतानाच बागेतून एक फेरी मारायची, नजरेनं जोखायचं आणि सगळ्या बागेचा एकच सौदा करायचा. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कुठलं झाड आतून कोरडं फळ देणार, कुठलं रसाळ, हे तो दुरून सांगायचा आणि ते खरं निघायचं. मास्तरणीने आधी सुनंदाला विचारलं, "त्याले तपासणीले बोलवू का? तुहं नाव नाई घेत मी." सुनंदाने होकाराची मान हलवली. मग मास्तरीण त्याच्याकडे गेली, आणि मीही सोबत गेले.

तिने त्याला बाजारातल्या त्याच्या संत्र्यांच्या ढिगापासून दूर, एका बाजूला घेतलं आणि शांतपणे सांगितलं की एकदा तपासून घ्या, पैसे लागत नाहीत, नाव कुठे जात नाही. तो हसला. राग वगैरे काही नाही, खरोखरीच गंमत वाटून हसला. "मास्तरीणबाई, पाचशे झाडाची बाग मी एका फेरीत सांगतो. मले बाई समजत नाई का? मी कुठीबी तोंड घालत नाई. पाहून जातो."

"शेठ, थे झाड हाय," मास्तरीण म्हणाली. "झाडाले कीड लागली तं पानावर दिसते. ह्याचं काई दिसत नाई. तिचं नाई दिसत अन् तुमचंबी नाई दिसत. आरशात पाहून सांगता का सोताचं?"

त्याचा चेहरा बदलला. तो म्हणाला, "माह्या घरी लेकरू येऊन राहिलं. सातवा महिना चालू हाय. पंधरा दिवसात बायको माहेरी जाणार. तू माह्या पुढं असं अभद्र बोलू नोको." आणि तो ढिगाकडे परत गेला.

मास्तरीण केंद्रात येऊन पाणी प्याली आणि मग तिने मला विचारलं, "बाईची तपासणी झाली असन ना?" मी म्हटलं, गरोदरपणात होतेच, तिसऱ्या महिन्यात वगैरे झाली असणार. "अन् थ्याच्यानंतर झालं असन तं?" लागण त्यानंतर झाली असेल, तर त्या कागदावर निगेटिव्हच लिहिलेलं राहणार आणि सगळे निर्धास्त राहणार. वेळेत कळलं तर आईला गोळ्या सुरू करता येतात, बाळाला औषध देता येतं, बाळ बहुतेक वाचतं. नाही कळलं तर नाही. हे मी तिला सांगितलं आणि तिने पंधरा दिवस बोटांवर मोजले.

"मंग तुमी जाऊन सांगा तिले," ती म्हणाली.

"मावशी, मला सांगता येत नाही. त्याची तपासणीच झालेली नाही. आणि झाली असती तरी त्याच्या संमतीशिवाय सांगता येत नाही."

"अन् तिची संमती? तिले कोणी इचारली?"

तो नियम चांगल्यासाठी आहे, त्यामुळेच लोक तपासणीला येतात, हे मला पटतं. पण त्या दिवशी तो नियम त्या माणसाची छत्री होऊन उभा होता आणि ती बाई उन्हात होती.

मास्तरीण रोज बाजारात जाऊन त्याच्या ढिगासमोर उभी राहायला लागली. काही बोलायची नाही. हर्रास संपला की यायची, पिशवी पायाशी ठेवायची आणि तो निघेपर्यंत उभी राहायची. पहिले दोन दिवस त्याने दुर्लक्ष केलं. मग माणसं पाठवून हाकललं, ती चार पावलं मागे सरून उभी राहिली. संस्थेला फोन गेला. अधिकाऱ्यांनी तिला बोलावून सांगितलं की असं करू नये, बाजार समितीच्या लोकांशी आपले संबंध बिघडतील. ती हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

नवव्या दिवशी मी तिथे नव्हते. चहावाल्याने सांगितलं ते असं, की व्यापारी सगळ्यांसमोर ओरडला, "ह्या धंदेवाल्या बाईले बाजारात कोण येऊ देते?" मास्तरीण त्याच्याजवळ गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मी धंदेवाली होती, म्हणूनच सांगून राहिली, शेठ. तुमच्यासाठी नाई आली मी. तुमी मेले तं मले सुतक नाई. तुमच्या घरच्या बाईसाठी आली. तिले कोणी नाई सांगाले. मले माह्या टायमाले कोणी नव्हतं." मग ती पिशवी उचलून चालायला लागली. चहावाल्याचं म्हणणं, त्यानंतर शेठने दोन ढिगांची बोली चुकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोंडाला रुमाल बांधून तो केंद्रात आला. तपासणी पॉझिटिव्ह आली. आधी म्हणाला, मशीन खराब आहे. मग म्हणाला, "तिच्यापासूनच आलं, त्या सुनंदीपासून." मग रडला. चार दिवस तो रोज यायचा आणि एकच विनवणी करायचा, बायकोला सांगू नका. चार दिवस मी एकच सांगत राहिले की मी सांगणार नाही, तुम्हीच सांगायचं आहे, आणि दिवस थोडे आहेत. पाचव्या दिवशी तो तिला घेऊन आला. तेवीस-चोवीस वर्षांची, भातकुलीकडच्या एका भाजीवाल्याच्या घरातली मुलगी. पोट पुढे आलेलं, हातात हिरव्या बांगड्या भरलेल्या. आपल्याला रक्ताची एखादी साधी तपासणी करायला आणलंय अशा समजुतीने ती माझ्याकडे बघून हसली होती. तिचीही पॉझिटिव्ह आली. त्याच दिवशी तिच्या गोळ्या सुरू झाल्या.

आता यानंतर त्या माणसाने काय करावं? त्याने संस्थेकडे तक्रार केली. मास्तरणीने भर बाजारात आपली बदनामी केली, म्हणून. सोबत बाजारातल्या सात-आठ प्रतिष्ठितांच्या सह्या. त्यांतल्या निम्म्यांच्या खिशातली तारीख उलटलेली पुडकी मास्तरणीने बदलून दिली होती. चौकशी बसली आणि मला बोलावलं. विचारलं, "बाजारात जाहीरपणे असं बोलणं नियमात बसतं का?" मी म्हटलं, "नाही." एवढंच म्हटलं. खोटं काही नव्हतं त्यात. ती गेली नसती तर काय झालं असतं, हे मला कुणी विचारलं नाही. पण न विचारता सांगायला माझं तोंड कुणी बांधलं नव्हतं. वकिलाची मुलगी मी, प्रश्नापुरतं उत्तर देऊन उठले. मास्तरणीला काढून टाकलं. ती मला दारात भेटली तेव्हा म्हणाली, "जाऊ द्या म्याडम, तुमची नोकरी हाय." तिने रागावून काही म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ती मूर्तिजापूरला बहिणीकडे राहायला गेली. मी दीड-पावणेदोन वर्षं तिच्याकडे गेले नाही. कामं होती, असं मी स्वतःला सांगायची. खरं म्हणजे तोंड नव्हतं. मग एक दिवस एका लेकराची अठरा महिन्यांची शेवटची तपासणी निगेटिव्ह आली. तो कागद फाइलला लावला आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी मूर्तिजापूरची गाडी धरली.

ती भाजीबाजारात बसली होती. समोर मेथीच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. मला बघून तिने शेजारचं पोतं झटकलं आणि बसायला दिलं. मी कुणाचंही नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं, "मावशी, एक लेकरू आहे. अठरा महिन्यांचं झालं. चांगलं आहे, काही नाही त्याला."

ती जुड्यांवर पाणी शिंपडत होती. हात थांबला. मला वाटलं रडेल, पण तिने विचारलं, "अन् बाई?"

दीड वर्षात त्या लेकराची चौकशी डॉक्टरांनी केली, परिचारिकांनी केली, मीही केली. आईबद्दल असं पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. मी म्हटलं, "गोळ्या घेते. तब्येत बरी आहे."

"अन् सुनंदी?"

"तीही."

"अन् तो?"

"तोही घेतो. पण केंद्रात येत नाही. ओळखीचं कुणी दिसेल म्हणून लाजतो. बायकोच येते लेकराला काखेत घेऊन, दोघांच्या गोळ्या नेते."

मास्तरणीने हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. इतका वेळ शांत असलेला तिचा चेहरा बघता बघता पेटला. "म्हंजे त्यानं केलं, अन् गोळ्याची थैलीबी तिनंच वागवाची? अन् तुमी देता?" मी म्हटलं, तब्येत स्थिर असली की घरच्या माणसाच्या हाती देता येतात. "देता येते, देता येते! मंग माह्यं काय काम झालं, म्याडम? मी तिले शिकवाले गेली होती का? तिनं काय केलं होतं? मी त्याले शिकवाले गेली होती. अन् शेवटी इथं कोण येऊन राहिलं? पुन्हा बाईच ना?"

बाजारातली माणसं बघायला लागली. ती बघू देत होती. निघताना मी माफी मागितली, त्या चौकशीबद्दल. तिने ऐकलं न ऐकलं केलं आणि माझ्या पिशवीत सांभाराच्या दोन जुड्या कोंबल्या.

पुढच्या महिन्यात ती बायको आली तेव्हा मी तिच्या गोळ्या तिला दिल्या आणि म्हटलं, त्यांच्या त्यांनाच देईन, त्यांना पाठवा. ती घाबरली. म्हणाली, "ते नाई येणार, म्याडम. रागावतीन." मी म्हटलं, तुम्ही काही बोलू नका, फोन मी करते. पहिल्या दोन फोनला त्याने सौद्याचं कारण सांगितलं. तिसऱ्याला मी आवाज चढवला. एवढ्या वर्षांत कुठल्याही रुग्णाशी मी तशी बोलले नव्हते, आणि समुपदेशकाने तसं बोलू नये हे मला माहीत आहे.

दोन दिवसांनी दोघं आले. तो पुढे, ती मागे, लेकरू तिच्या काखेत. खोलीत माझ्यासमोर एकच खुर्ची होती. त्याने सवयीने ती ओढली आणि बसायला लागला.

"खुर्ची त्यांची आहे," मी म्हटलं. "तुम्ही उभे राहा, आणि लेकरू तुमच्याकडे घ्या."